अक्षर इकडचं तिकडे

१

खाणावळ माणसांनी फुलली होती, आणि त्या गर्दीत एक माणूस गेला तरी कुणाला पत्ता लागला नाही.

नदीवर काढलेल्या लाकडी सज्ज्यात, कठड्याजवळच्या आपल्या ठरलेल्या टेबलाशी आबा बसले होते. हनुवटी छातीला टेकलेली, हातात काटा, पुढ्यात तळलेला मासा जसाच्या तसा. शेजारच्या टेबलावरच्या बाईने आपल्या मुलांना दटावलं, "हळू बोला रे, आजोबांचा डोळा लागलाय." मुलंही बिचारी कुजबुजत जेवली.

वाढपीण ताट उचलायला आली. ताट समोर ठेवताना तिने रोजच्यासारखंच विचारलं होतं, "आबा, आज तरी खाणार का?" आणि आबा हसून म्हणाले होते, "अलीकडे काही खात नाही गं मी. बदकांना घाल." आता तिने त्यांच्या बोटांतून काटा सोडवायला हात लावला, आणि तशीच ओरडत मागे सरली. बोटं गार पडली होती.

डॉक्टर आले, देह घेऊन गेले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तपासनिसांना बोलावून घेतलं.

"म्हातारपणाने गेले नाहीत," डॉक्टर म्हणाले. "हृदयासाठी मीच त्यांना थेंब लिहून दिले होते. ते औषध मोठं लहरी. मापात असेल तर तारतं, माप चुकलं की तेच विष. यांच्या अंगात ते भलतंच साठलंय. एका दिवसाचं काम नाही हे. रोज कुणीतरी जास्त देत होतं."

२

तपासनीस पोटाने मोठे आणि मनाने मऊ. नदीकाठी जेवायला जाणं हा त्यांचा सुट्टीचा नेम. मासा समोर आला की आधी डोळे मिटून देवाचं नाव घ्यायचे आणि मग डोळे मिटूनच खायचे. ज्या टेबलावर माणूस गेला त्याच्या शेजारच्या टेबलावर आपण कितीदा बोटं चाटली, हे आठवून आज त्यांना घास गोड लागेना.

तिथली रीत अशी. नदीच्या एका काठावर थोरल्याची खाणावळ, समोरच्या काठावर धाकट्याचा पब. दोन्ही आबांनीच उभी केलेली. मध्ये दोराला धरून ओढायचा एक तराफा. इकडे मासा खाऊन माणसं तिकडे बिअर प्यायला जायची. ज्या काठावर आपण उभे तो अलीकडे, आणि समोरचा तो पलीकडे, असं दोन्ही काठांवर बोलायचे. शहरातून येणाऱ्यांची यात नेहमी फजिती होई. "पलीकडे भेटू" असं ठरवून नवरा एका काठावर आणि बायको दुसऱ्या काठावर ताटकळत बसलेली तपासनिसांनी स्वतः पाहिली होती. दोघांनी एकमेकांना हात केले होते आणि दोघंही चिडले होते.

दोन्ही भावांत मात्र कित्येक वर्षं अबोला. पाण्यावरून हाक ऐकू जाईल एवढंच अंतर, पण हाक मारील कोण?

थोरला गल्ल्यामागे उभा होता. हिशेबी चेहरा, डोळे सुजलेले. त्याने तपासनिसांना बसा म्हटलं नाही, पाणी विचारलं नाही.

"साहेब, शोध घ्यायची गरज नाही. औषध रोज एकच हात देत होता. आणि काल औषधवाला भेटायला आला तेव्हा बोलता बोलता म्हणाला, आबांची सून मध्यंतरी नवी बाटली घेऊन गेली. आमच्या घरात नवी बाटली कुठेच नाही. मी फडताळं पालथी घातली. ती कुठे गेली?"

"धाकट्या भावाच्या घरचं काही..."

"त्याचं नाव या छपराखाली काढू नका. आई जायला टेकली होती तेव्हा त्याला ये म्हणून निरोप धाडला. आला नाही. पलीकडे बसून लोकांचे पेले भरत होता. त्या दिवशी मी शपथ घातली, त्याच्या घराशी जो एक शब्द बोलेल तो या घरातून गेला." थोरल्याने नॅपकिनांची थप्पी सरळ केली, पुन्हा सरळ केली. "माझ्या घरात खुनी आहे, साहेब. ती स्वयंपाकघरात मासे साफ करतेय. माझी बायको आहे ती. संध्याकाळपर्यंत तिला घेऊन जा, नाहीतर मीच तिला बाहेर काढतो."

३

थोरली सून खरोखरच मासे साफ करत होती. तपासनीस आले तरी तिचा सुरीचा हात थांबला नाही.

"ताई, तुम्हाला काय म्हणतात ते ठाऊक आहे ना?"

"भिंती पातळ आहेत साहेब."

"मग बोला काहीतरी."

"मी नाही दिलं जास्त." खवले उडाले. "तिथे फळीवर बाटली आहे. बघा."

बाटलीवर डॉक्टरांनी स्वतः रेघ मारून दिली होती, महिनाअखेर औषध कुठवर उतरायला हवं त्याची. महिना नुकताच संपला होता, औषध रेघेला टेकलेलं. ना वर, ना खाली. या बाटलीतून एक थेंबही वावगा गेला नव्हता.

"म्हणजे जास्तीचं औषध दुसऱ्या बाटलीतलं. ती तुम्ही आणलीत?"

"नाही."

"मग कोणी आणली? सून म्हणाला औषधवाला."

थोरलीने ओठ घट्ट मिटले. तिच्या डोळ्यांत राग होता, आणि रागापेक्षा जास्त भीती. ती एकदा गल्ल्याच्या दिशेने बघत होती, एकदा खिडकीतून नदीकडे. 

तिच्या गप्प बसण्याने तिचाच गळा आवळला जात होता आणि तिला ते कळत होतं. तपासनिसांनी गुन्हेगार पुष्कळ पाहिले होते. खोटं बोलणारा माणूस बोलत सुटतो. ही तर एका शब्दावर हात ठेवून बसली होती.

ते सज्ज्यात आले. वाढपीण डोळे पुसत टेबलं पुसत होती.

"गेल्या काही दिवसांत आबांना काही होत होतं का गं?"

"मळमळायचं त्यांना. आणि परवा म्हणाले, नदी पिवळी दिसते. आम्ही हसलो, साहेब. म्हटलं, आबा, चष्मा धुवा." तिला पुन्हा हुंदका आला. "ताट तर रोजच तसंच परत यायचं. अलीकडे काही खात नाही, म्हणायचे."

तपासनिसांनी मान डोलावली. मळमळ, डोळ्यांपुढे पिवळं, ही त्या औषधाची लक्षणं डॉक्टरांनी सांगितली होती. अन्नावरची वासनाही जाते म्हणाले होते. सगळं जुळत होतं. पण डॉक्टरांनी निघताना सहज आणखीही एक सांगितलं होतं: माणूस उपाशी नव्हता, मरायच्या थोडं आधी जेवलेला होता.

न खाणारा माणूस जेवलेला कसा?

आबांची काठी अजून कठड्याला टेकून उभी होती. तपासनिसांनी ती उलटी केली. टोकाला काळं, चिकट काहीतरी लागलं होतं. वास घेतला. डांबर. खाणावळीत डांबर नव्हतं, रस्त्यावर नव्हतं. खाली धक्क्याशी तराफा तेवढा नुकताच डांबरून काढलेला, उन्हात चकाकत होता.

"अलीकडे काही खात नाही," तपासनीस स्वतःशीच पुटपुटले. मग थबकले. मग तेच शब्द पुन्हा म्हणाले, या वेळी नदीकडे बोट करून.

म्हातारा हल्लीचं सांगत नव्हता. तो काठाचं सांगत होता.

४

तराफेवाल्याला सगळे पोपट म्हणत. नाक बाकदार, सदरा कायम हिरवा, आणि निरोप पोचवण्यात त्याचा हातखंडा. भावांचा अबोला सुरू झाल्यापासून दोन घरांत जे काही अडलंनडलं बोलणं व्हायचं ते पोपटाच्या तोंडून.

"आबा रोज पलीकडे जायचे?" तपासनिसांनी तराफ्यावर पाय ठेवत विचारलं.

"जायचे की. थोरले बाजारात गेले की यायचे. धाकट्याकडे जेवायचे आणि थोरले परतायच्या आत येऊन आपल्या टेबलावर बसायचे, शाळेतून पळालेल्या पोरासारखे."

"मग आतापर्यंत बोलला का नाहीस?"

"विचारलं कुणी?" पोपटाने दोर ओढला. "साहेब, माझं काम निरोपाचं. स्वतःचं एक घालत नाही, दुसऱ्याचं एक गाळत नाही. या तोंडातून आजवर एक अक्षर इकडचं तिकडे झालेलं नाही."

पबमध्ये दुपारचा काळोख होता. धाकटा काउंटरवर कोपरं टेकून बसला होता. समोरचा पेला भरलेला, पण त्याने त्याला हात लावलेला नव्हता.

"इथेच बसायचे," तो न विचारताच म्हणाला. "पाव मोडून रश्शात बुडवायचे आणि म्हणायचे, तुझ्या वहिनीला सांगू नको हो, ती बिचारी माझ्यासाठी वेगळं, बिनमिठाचं रांधते." त्याने पेला बाजूला सारला. "बापाला लेकाकडे चोरून जेवायला यावं लागत होतं. त्याला विचारा, पोट भरलं का त्याचं?"

"तुम्ही आईच्या वेळी गेला नाहीत, असं तो म्हणतो."

"गेलो नाही?" धाकटा ताडकन उभा राहिला. "येऊ का म्हणून मी निरोप धाडला होता! काय उत्तर आलं माहीत आहे? पलीकडे काय करतोस, अलीकडेच राहा. सख्ख्या आईच्या दारात पाय ठेवायची बंदी केली त्याने मला. मी इथे खिडकीत उभा राहून तिच्या खोलीतला दिवा बघत होतो. दिवा मालवला तेव्हा कळलं मला."

आतून धाकटी सून आली. बारीक चणीची, न झोपलेली. तिने काउंटरवर औषधाची एक बाटली ठेवली. अर्ध्याहून जास्त रिकामी.

"हीच शोधताय ना? मीच आणली औषधवाल्याकडून. रोज जेवणाआधी मीच देत होते. कसले थेंब, हेही आबा कधी विचारायचे नाहीत."

"का?"

"कारण तिनेच सांगितलं. आबा जेवतात आमच्याकडे, मग औषध कुणी द्यायचं, असा मी जाऊबाईंना निरोप धाडला होता. त्यांनी उलट कळवलं, तुम्हीच द्या. मला बरं वाटलं साहेब. म्हटलं, एवढ्या वर्षांनी मनातली अढी गेली." तिने बाटलीकडे पाहिलं. "आणि आता गिऱ्हाईकांच्या तोंडून कळतंय की ती स्वतःही देतच होती. मला सांगून, मला फसवून. आबांना तिने माझ्या हाताने मारलं."

५

तपासनीस परत आले तेव्हा थोरलीने सुरी खाली ठेवली. त्यांच्या हातात ती बाटली बघून तिचा चेहरा पांढरा पडला.

"तुम्ही निरोप धाडलात. नवऱ्याची शपथ मोडलीत. म्हणून गप्प होतात."

"हो." तिने हात पुसले. "जीव नुसता टांगलेला होता माझा. पण निरोप काय धाडला ते ऐका. देऊ नका म्हणून सांगितलं मी! आमच्याकडे देतो, तुम्ही देऊ नका. आबांचं जेवण तिकडे होतं हे मला कळलं होतं, मी त्यांना अडवलंही नाही. जाऊ दे, म्हटलं, लेकाचं तोंड बघतात." तिचे डोळे भरून आले. "देऊ नका सांगूनही तिने दिलं. कुणी मारलं मग? मला आत टाका हवं तर, पण तिलाही विचारा."

एकच निरोप. एकीच्या तोंडी द्या, एकीच्या तोंडी देऊ नका. दोघींतली एक खोटी, नाहीतर पोपट खोटा. तपासनीस ओट्याला टेकून उभे राहिले. त्यांना दोघींचेही डोळे आठवले, आणि देवाशपथ, दोन्ही डोळे खरे होते. मग त्यांना धाकट्याचं बोलणं आठवलं. आईच्या वेळीही एक निरोप गेला होता. एकाच्या तोंडी ये, एकाच्या तोंडी येऊ नको.

त्यांचा हात हळूच कपाळाकडे गेला.

"ताई," ते म्हणाले, "चला माझ्याबरोबर. आणि तुमच्या नवऱ्यालाही बोलवा."

"ते पलीकडे पाय ठेवणार नाहीत."

"पाय ठेवायचाच नाहीये. ना पलीकडे, ना अलीकडे."

६

तराफा नदीच्या ऐन मध्यावर थांबला. तिथवर यायला दोन्ही भावांना कायद्याचा धाक घालावा लागला होता. दोघं दोन टोकांना पाठमोरे उभे. मध्ये दोघी जावा, एकमेकींकडे न बघणाऱ्या. दोर धरून पोपट. दोन्ही काठांवरची गिऱ्हाईकं जेवता जेवता मान वर करून बघत होती.

"पोपट, थोरल्या बाईंनी औषधाचा निरोप दिला तो म्हणून दाखव. जसाच्या तसा."

पोपटाने घसा खाकरला. "औषध पलीकडे द्यायचं नाही, अलीकडेच द्यायचं."

"ताई, हेच म्हणालात?"

"हेच. अगदी हेच," थोरली म्हणाली. "म्हणजे काय, देऊ नका असंच ना?"

"आणि तुम्ही ऐकलंत ते काय?" तपासनिसांनी धाकटीला विचारलं.

"हेच," धाकटी म्हणाली. "शब्दन् शब्द हेच. पलीकडे देत नाही, अलीकडे तुम्ही द्या..." आणि ती बोलता बोलता थांबली.

पाणी तराफ्याखालून वाहत होतं.

"ताई आपल्या धक्क्यावर उभ्या राहून बोलल्या," तपासनीस म्हणाले. त्यांना प्रत्येक शब्द जड जात होता. "त्यांचं अलीकडे म्हणजे खाणावळ. पोपटाने ते वाक्य उचललं, पाणी ओलांडलं आणि तुमच्या धक्क्यावर तसंच ठेवलं. तिथे अलीकडे म्हणजे पब. वाक्य बदललं नाही, काठ बदलला. त्या घडीपासून दोन्ही घरांत मायेने, वेळेवर, मापात औषध दिलं जात होतं. दोन मापं एका म्हाताऱ्या अंगात साठत गेली. नदी पिवळी दिसते म्हणाले तेव्हा दोन्ही घरं हसली असतील."

धाकटी मटकन खाली बसली. हसली होती ती. तिच्या तोंडावर ते लिहिलेलं होतं.

"मी अक्षर इकडचं तिकडे केलं नाही," पोपट म्हणाला.

"तेच करायला हवं होतंस रे बाबा. तेवढंच करायला हवं होतं." तपासनिसांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्याच्यावर रागवायला त्यांना जमेना. "आता दुसरा निरोप म्हण. यांची आई गेली त्या दिवशीचा. आठवतो?"

पोपटाला सगळेच आठवत. मान खाली घालून तो म्हणाला, "पलीकडे काय करतोस? अलीकडेच राहा."

थोरल्याच्या पाठीत काहीतरी हललं. तो वळला. "मी म्हटलं होतं, तिकडे काय करतोस, ये, आता इथेच राहा..."

धाकटाही वळला होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा दोघांची नजर एकमेकांना भिडली. तपासनिसांनी डोळे मिटले. देवा, त्यांनी मनात म्हटलं, एवढं तरी होऊ दे. म्हातारा परत येणार नाही, पण एवढं तरी.

"एकदा स्वतः यायला काय झालं होतं तुला?" धाकटा म्हणाला.

"आणि तुला? आई मरत होती, आणि तू पोपटाचं ऐकून खिडकीत उभा राहिलास?"

"बंदी तुझी होती!"

"बंदी नव्हती!"

"मला काय ठाऊक?"

"विचारायचं होतंस!"

चुकीचा एक शब्द हाती लागला होता, पण त्या शब्दावर उभारलेली वर्षं तशीच उभी होती, आणि ती पाडायची तर आपणच मूर्ख होतो हे आधी कबूल करावं लागलं असतं. दोघांनी पुन्हा पाठ फिरवली.

खाली तराफ्याच्या फळ्यांवर थोरली आपल्या जावेशेजारी बसली होती. माशांचा वास येणारा हात तिने धाकटीच्या हातावर ठेवला. धाकटीने तो झटकला नाही, धरलाही नाही. दोघींच्या मध्ये दोन बाटल्या होत्या.

"ताईंवर गुन्हा नाही," तपासनीस थोरल्याला म्हणाले. "कुणावरच नाही. कायद्यात याला नाव नाही. तुम्ही तिला घरातून काढणार होतात, निदान तिची माफी मागा."

थोरला पाण्याकडे बघत राहिला. बायकोकडे बघायचं धाडस त्याच्यात नव्हतं. मग तो कोरड्या आवाजात म्हणाला, "पोपट, त्याला सांग. आबांची माती अलीकडे होईल."

धाकट्यानेही मागे न बघता उत्तर दिलं. "पोपट, त्याला सांग. आबांची माती अलीकडेच होईल."

पोपटाने सवयीने तोंड उघडलं आणि मिटलं. त्याने एका काठाकडे पाहिलं, मग दुसऱ्या काठाकडे. दोन्हीकडे टेबलांवर ताटं वाढली जात होती, पेले भरले जात होते. दोर त्याच्या मुठीत होता, पण ओढायचा कुठे ते त्याला कळेना.

"कुणाच्या अलीकडे?" त्याने विचारलं.

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याने निरोपात स्वतःचा शब्द घातला होता.